झिऱ्यापाशी डावीकडे

माझी मावशी अक्काबाई पावसाळ्यात डोळ्यांनी चालत नाही, कानांनी चालते. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. तिच्यासारखी हट्टी बाई हरसूलच्या बाजारात दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही, आणि हट्टी माणसाचं कौतुक लांबूनच करावं. मला तर तिनंच वाढवलं. आई गेली तेव्हा मी परकरात होते, आणि मावशीनं मला तिच्या पाड्यावर नेलं ते थेट लग्न लावूनच सोडलं.

तिचा पाडा हरसूलच्या पुढे, डोंगराच्या उतारावर. श्रावणात तिथं धुकं असं उतरतं की अंगणातला बैल अंगणातच हरवतो. हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत. बाकीची माणसं अशा वेळी घरात चुलीपाशी बसतात. मावशी मात्र डोक्यावर पानांचं इरलं घेऊन वरच्या माळावर जायची, नागलीचं शेत बघायची आणि परत यायची. कशी यायची? तर बेडकांवरून.

माळावरून खाली उतरलं की झिरा लागतो. खडकातून पाझरणारं पाणी जिथं साचून राहतं, ती चिखलाची, लव्हाळ्याची जागा म्हणजे झिरा. तिथं मोठी बेडकं. त्यांचा आवाज जड, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. तो आवाज समोर ठेवून चालायचं आणि पायाखाली चिखल लागला की डावीकडे वळायचं. मग भाताच्या खाचरांतली बारकी बेडकं सुरू होतात, दोन गारगोट्या एकमेकींवर आपटाव्यात तशी. ती उजव्या हाताला ठेवून चालत राहिलं की आपलं दार.

"आणि चुकलीस तर?" मी लहानपणी विचारायची.

"बेडूक कशाला चुकंल? तो काय माणूस हाय?"

मी तिच्या पदराला धरून मागे चालायची. सगळीकडे पांढरं, पायाखाली गार, आणि चारी बाजूंनी तो आवाज. मला वाटायचं, जमीन झोपली आहे आणि झोपेत बडबडते आहे, आणि तिचं काय म्हणणं आहे ते सगळ्या जगात एकट्या माझ्या मावशीला कळतं. आता मी पंचवटीत राहते. घाटाला सिमेंट, गल्लीला फरशी. पाऊस कितीही पडो, बेडूक ओरडत नाही, रिक्षा ओरडतात. तरी अजून पावसात झोपेत माझ्या पायाखाली चिखल लागतो आणि मी डावीकडे वळते. डावीकडे आमच्या खोलीची भिंत आहे. नवरा म्हणतो, पलंगच फिरवून टाकू.

मावशीचं आणि जमिनीतल्या जिवांचं असं काही गोड नातं होतं असं मात्र समजू नका. ती बेडकांना शिव्या द्यायची. घरात दिवड शिरला तर शेपटीला धरून बाहेर फेकायची आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. पण दिवड बिनविषारी, हे तिला माहीत होतं, म्हणून मारायची नाही. भाताच्या रोपांसाठी आमच्याकडे राब भाजतात. डहाळ्या, पालापाचोळा, शेण असा ढीग जमिनीवर रचून उन्हाळ्यात पेटवायचा. गंमत अशी, की तो ढीग रचला की त्याच्या गारव्याला सरडे, भेक, सापसुरळ्या येऊन राहतात. आपणच घर बांधून द्यायचं आणि आपणच काडी लावायची. मावशी पेटवायच्या आधी काठीनं सगळा ढीग हलवायची. "उठा रे, उठा! सासरी जायचं हाय का जळून?" असं ओरडत. मग फक्त वाऱ्याकडच्या बाजूनं पेटवायची आणि बांधाकडची बाजू मोकळी ठेवायची. शेजारच्यांचा राब पेटून विझायचा तरी हिचं उठा-उठा चालूच.

पुढे तिच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. नजर आकसत गेली. समोरचं थोडं दिसायचं, बाजूचं नाही. ती म्हणायची, "पूर्वी धुकं बाहेर होतं, आता थोडं आत आलंय. काय फरक पडला?" आणि खरंच फारसा पडला नव्हता. कारण बेडकं जागेवर होती.

ती जागेवरून हलवली माझ्या मावसभावानं, मनोजनं.

मनोजला मी दोष देत नाही. म्हणजे, तेव्हा भरपूर दिला, तोंडावर दिला, पण त्याचंही खोटं नव्हतं. आमच्याकडे पावसाळ्यात माणूस पाण्यात असतो आणि फाल्गुन लागला की बायका हंडे घेऊन दरीत उतरतात. भात काढून झालं की मनोज बायको-पोरांना घेऊन दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला जायचा आणि बागेच्या कडेला ताडपत्रीच्या खोपटात राहायचा. तिथं त्यानं शेततळी पाहिली. मोठा चौकोनी खड्डा, आत काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, काठोकाठ पाणी. थेंब जिरत नाही. त्याच्या डोक्यात ते पाणी बसलं. आपल्याकडेही असं तळं असेल तर उन्हाळ्यात टोमॅटो लावू, मिरची लावू, आणि पोरांना घेऊन दुसऱ्याच्या बांधावर राहणं संपेल. त्याची बायको ललिता हे सांगताना रडली होती. 

सरकारी योजनेतून मंजुरी आली आणि वैशाखात जेसीबी चढला. तळं झिऱ्याच्या जरा वर, माळाच्या बाजूला खोदलं. खालच्या तिन्ही बाजूंना मातीचा भराव, डोंगराच्या बाजूला मात्र जमिनीला लागूनच काठ. तिथून चारी, म्हणजे पाण्याचा चर, काढून खडकातून झिऱ्याकडे जाणारं पाणी तळ्यात वळवलं. कागद अंथरला. कुंपणाची तार पुढच्या वर्षी बघू म्हणाला. पाऊस लागला आणि तळं भरलं, काळं, गुळगुळीत, डोंगराचा डोळा उघडल्यासारखं. मनोज त्याच्याकडे बघत बसायचा. इतकं सुखी मी त्याला लग्नातही पाहिलं नव्हतं.

झिरा सुकला नाही, पण कोमट पडला. लव्हाळं पिवळं झालं, चिखल घट्ट झाला. बेडकं पाण्याच्या वासानं वर गेली आणि तळ्यात उतरली. उतरायला काय, कोणीही उतरतं. पण कागदावर नख रुतत नाही. चढायची, घसरायची, पुन्हा चढायची. पाण्यात बसून ओरडायची, दमायची, आणि मग सकाळी पांढरं पोट वर करून काठाशी लागायची. एकदा दिवड मेलेला निघाला. एकदा कागदावर लांबलचक ओरखडे दिसले. घोरपड असावी, मनोज म्हणाला. ती वर आली की बुडाली, ते कळलं नाही.

मावशीला हे सगळं कोणी सांगितलं नव्हतं. तिनं एके दिवशी माळावरून येताना झिरा ओलांडला आणि तिला तो लागलाच नाही. आवाज नाही, चिखल नाही. ती सरळ खाली सहादूच्या बांधापर्यंत गेली आणि तिथं उभी राहून हाका मारत बसली. सहादू शेजारचा, भला माणूस. त्यानं हाताला धरून घरी आणलं. अक्काबाईला हाताला धरून! ललिता सांगत होती, त्या दिवशी ती जेवली नाही.

मनोजनं निकाल दिला. "आये, आता शेतावर एकटी जायचं नाय. ओट्यावर बस. काय लागंल ते आम्ही आणू."

"ओट्यावर म्हातारी बसतात."

"मग तू कोण हायस?"

बोलायचा तो बोलला, पण मनात घाबरला होता. आणि मावशीही घाबरली होती, हे मला फोनवर तिच्या आवाजावरून कळलं. तिला मरणाची भीती नव्हती. ओट्याची होती. माळावर जाणं-येणं संपलं की आपण संपलो, असं तिनं मनात धरलं होतं. "सवे," ती म्हणाली, "माझी बेडकं त्या डबड्यात पडलीत. त्यांना वर काढलं पायजे. ती जागेवर गेली तर मी जागेवर."

बेडकं कोण उपसून काढणार? तिनं गोधडी शिवली.

जुनी दोन लुगडी आणि ललिताचं एक विटलेलं पातळ. अंगावर घ्यायच्या गोधडीला टाके बारीक घालतात. तिनं मुद्दाम मोठे, उठावदार घातले, बोटांनी चाचपत, म्हणजे पायाला पकड मिळेल. लांबी पुरुषाच्या दोन उंचीची. खालच्या टोकाला तिनं आधी दगड बांधले, तेव्हा मनोज ओरडला की कागद फाटेल. मग दगड काढून मातीची पिशवी शिवली. ललितानं डोंगराकडच्या काठाला खुंटा ठोकला, नायलॉनच्या दोरीनं गोधडी बांधली आणि तळ्यात सोडली. डोंगराकडच्या काठालाच का? तर बाकीच्या बाजूंना भराव, आणि इथं झिऱ्याला जाणाऱ्या पाझराची जुनी ओल. "वर आली की त्यांना घराचा वास आला पायजे," मावशी म्हणाली.

पाड्यावर हसून हसून लोकांची पोटं दुखली. अक्काबाईनं बेडकांना अंथरूण घातलं! मनोजला लाज वाटायची. एकदा योजनेचे साहेब तळ्याचा फोटो काढायला आले, तेव्हा त्यानं गोधडी घाईघाईनं ओढून झुडपात टाकली. साहेब गेल्यावर ती कोणी परत सोडली, हे ललितानं बांधाआडून पाहिलं होतं. मनोजनंच सोडली. मातीची पिशवी नीट तळाशी बसली का, तेही वाकून बघितलं. 

मी नागपंचमीला गेले. सकाळपासून धुकं. आमच्याकडे त्या दिवशी जमीन उकरत नाहीत, विळी-कोयता चालवत नाहीत, जमिनीखालच्या कुणाला लागू नये म्हणून. वर्षातून एक दिवस. बाकी दिवसांचं काय, असं मी मनोजला विचारणार होते, पण सणाच्या दिवशी कशाला तोंड उघडा, म्हणून पुरणाचे दिंड खाल्ले.

मावशी खुशीत होती. झिऱ्यावर आवाज परत सुरू झाला होता, थोडा, पण होता. दुपारी आम्ही सगळ्या बायका माळापलीकडच्या वारुळाला लाह्या वाहायला गेलो. परतताना ती जागची हलेना.

"तुम्ही व्हा पुढं. मी एकटी येते."

"मावशी, वेड लागलंय का?"

"मनोजला सांगितलंय. एकटी घरी आले तर पावसाळाभर माळावर जाईन. नाय आले तर ओटा. पैज हाय. जा."

मी हात धरला तर तिनं तो झटकला आणि सणाच्या दिवशीही अशी एक शिवी दिली की मी ती इथं लिहीत नाही. आम्ही निघालो.

घरी मनोज दारात बसून एक चांगली कुदळ उगाच पुसत होता. मावशीवाचून मी आत आलेली पाहून त्याचा चेहरा उतरला, पण पैज त्यानंच मान्य केली होती. आम्ही थांबलो. वरून, धुक्यातून, बेडकांचा आवाज येत होता, जड, एका लयीत. मला झोप येऊ लागली. खरं सांगते, तिथं बसल्या बसल्या मला परकर नेसलेली मी दिसले, पदराला धरून चाललेली.

आणि आवाज बंद पडला. एकदम. दिवा फुंकावा तसा.

मनोज कायम म्हणायचा, बेडकांच्या गोंगाटानं झोप लागत नाही, द्राक्षांच्या बागेत कसं शांत असतं. तोच मनोज त्या शांततेला सगळ्यांच्या आधी उठला. "पडली," एवढंच म्हणाला आणि पळाला. मी मागोमाग.

काय झालं होतं ते नंतर कळलं. तळ्यातली सगळी बेडकं अजून बाहेर निघाली नव्हती. झिऱ्यावर पाच-सहा ओरडत असतील, तर तळ्यात दुप्पट. मावशी मोठ्या आवाजाच्या रोखानं चालत आली. पायाखाली चिखल लागला. तो चारीचा चिखल होता, झिऱ्याचा नव्हे. तिच्या हिशेबानं सगळं बरोबर होतं. आवाज समोर, पायाखाली ओल. ती डावीकडे वळली, आणि डावीकडे कागद होता.

आम्ही काठाशी पोचलो तेव्हा ती गोधडीवर पालथी होती. कमरेपासून खाली पाण्यात, दोन्ही हातांची बोटं टाक्यांत अडकवलेली. इरलं पाण्यात लांब तरंगत गेलं होतं.

मनोज पोटावर पडला आणि त्यानं हात खाली सोडला. "आये! हात दे! दे हात!"

"थांब."

"काय थांब? आये, दे ना!"

"पुढं एक चाललाय. त्याला जाऊ दे आधी."

तिच्या तोंडापासून वीतभर वर, गोधडीच्या मधोमध, एक मोठा भेक चढत होता. फोड आलेल्या पाठीचा, मातकट, जाडा. एक टाका चढायचा आणि थांबायचा. गळ्याखालची कातडी धडधडायची. मग दुसरा टाका. मावशीचा श्वास लागला होता, ओठ निळे पडले होते, पण बाई त्याच्या मागे रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी स्वस्थ होती. मला हसू आलं आणि त्याच वेळी इतकं रडू आलं की मी मनोजचे पाय धरून तशीच बसले.

"चल बाबा," मनोज त्या भेकाला म्हणाला.  "चल, चल लवकर. चल रे राजा."

भेक काठावर आला, मनोजच्या कोपरावर चढला, तिथं जरा विसावला आणि धुक्यात उडी मारून गेला. मग मावशीनं हात दिला.

घरी आणून तिला चुलीपाशी बसवलं, कपडे बदलले. ती चुलीकडे हात करून शेकत राहिली. मग म्हणाली, "हरले मी. उद्यापासून ओट्यावर बसंन." आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. तिच्या तोंडून "हरले" हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. हट्टानं मला आयुष्यभर छळणारी बाई, पण तो हट्ट गेला तेव्हा घरातला खांब काढून नेल्यासारखं वाटलं. मी तिचे पाय दाबत राहिले.

मनोज अंगणात कुदळ घेऊन उभा होता. खांद्यावर घ्यायचा, खाली ठेवायचा. शेवटी आत येऊन मला हळूच म्हणाला, "आज उकरता येत नाय ना?"

"नाही. आज पंचमी."

"मग उद्या."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो गेला. चारीच्या तोंडाशी दगड रचून त्यानं पाणी वाटून दिलं, निम्मं तळ्याला, निम्मं झिऱ्याला. तळं तर भरलेलंच होतं, त्याला आता कशाला सगळं हवं होतं? मग डोंगराच्या बाजूनं करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं, खालून बेडूक जाईल एवढी फट ठेवून. ललितानं उरलेल्या तीन बाजूंना जुन्या पातळांच्या गोधड्या सोडल्या. मी पंचवटीला परतले तेव्हा मावशी ओट्यावरच बसली होती. हात मांडीवर, नजर समोरच्या पांढऱ्यात. मी गाडीत सगळ्या वाटेनं तेच बघत आले.

पुढचं मला मनोजनं पोळ्याच्या दिवशी फोनवर सांगितलं, थोडं हसत आणि थोडं न हसत.

झिरा पुन्हा भरला. लव्हाळं हिरवं झालं. संध्याकाळी आवाज आधी एकट्यादुकट्याचा यायचा, मग वाढत गेला, आणि तळ्यातला कमी होत होत थांबला. ओट्यावर बसून मावशी हे सगळं ऐकत होती.  पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी ललिता पाणी घेऊन बाहेर आली तर ओटा रिकामा. इरलं नव्हतं. काठी नव्हती.

मनोज धावत माळाकडे निघाला, पण अर्ध्या वाटेत थांबला. हाक मारून हाताला धरून आणली तर ती आयुष्यात पुन्हा उठायची नाही, हे त्याला कळत होतं. आणि न आणावी तर काळीज ठिकाणावर राहीना. मग त्याला एक शहाणपणाची गोष्ट सुचली. आपण झिऱ्यापाशी जाऊन गुपचूप उभं राहावं. ती आली, बरोबर वळली, तर काही बोलायचं नाही. चुकली तर धरायचं. धुक्यात तिला काय दिसणार?

तो झिऱ्याच्या काठाशी जाऊन उभा राहिला. पुष्कळ वेळ गेला. मग वरून काठीचा आवाज आला, टक, टक, उतारावरून खाली येणारा. जवळ आला. धुक्यात काळसर आकार दिसू लागला, इरल्याचा. 

आकार थांबला. काठी हवेत वर उचललेली तशीच राहिली. मावशीनं मान थोडी तिरकी केली, या बाजूला, मग त्या बाजूला. कुठंच काही नव्हतं, नुसतं पांढरं. मनोजला वाटलं, चुकली. आता हाक मारावी. त्यानं तोंड उघडलं.

"मनोज," मावशी म्हणाली, "मागं हो जरा. तू उभा हायस म्हणून ती गप झालीत."

तो मागे झाला. पाऊल न वाजवता, लव्हाळ्यातून बाहेर, आणखी मागे, आंब्याच्या बुंध्यापर्यंत, आणि तिथं खाली बसला.  बऱ्याच वेळानं चिखलातून एक बेडूक बोलला. मग दुसरा. मग सगळा झिरा.

मावशीनं काठी टेकली, पुढे आली, पायानं चिखल चाचपला आणि डावीकडे वळली.